अडतीसचा खिसा

वकीलसाहेबांच्या कमरेभोवती टेप फिरवताना अजीजच्या बोटांना काहीतरी टणक लागलं. पानाचा डबा असेल असं वाटून त्यानं टेप थोडी खाली घेतली, पण ते खालीही होतं. कोमट होतं, घामानं ओलसर, एखाद्या गाठीसारखं. साहेबांच्या पोटात काही वाढलंय की काय असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं हात पटकन ओढून घेतला.

"घाबरू नकोस," निघोजकर वकील हसले. "चावत नाही ते."

त्यांनी सदरा वर उचलला, धोतराच्या कमरेतून ते काळं जड धूड ओढून काढलं आणि कापायच्या टेबलावर ठेवलं. टेबलावर शाळेच्या चड्ड्यांचं निळं कापड खडूनं आखून ठेवलेलं होतं. मग बगलेतल्या पिशवीतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली आणखी दोन निघाली. ओळखीच्या बंदूकवाल्यानं पसंतीसाठी दोन दिवस दिली होती. लायसन कलेक्टर कचेरीतून आलंच होतं. तिन्ही पिस्तुलं त्यांनी ओळीनं मांडली, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि लग्नाच्या शालू-शेल्यांकडे बघावं तसं मान तिरकी करून बघत राहिले. झेंडीगेटजवळच्या त्या बुटक्या पत्र्याच्या दुकानात वैशाखातली दुपार तापली होती. पिस्तुलांना तेलाचा वास येत होता. अजीजच्या शिवणयंत्राला तो घालायचा त्याच तेलासारखा वास. हा वास त्याला आवडायचा. सकाळी यंत्राच्या भोकांत थेंब थेंब तेल सोडून चाक फिरवलं की दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं. आता त्याच वासापासून त्यानं तोंड फिरवलं.

पंधरा वर्षं तो वकीलसाहेबांचे कपडे शिवत होता. कोर्टाचा काळा कोट, मुलाच्या लग्नातला सूट, टायफॉइडमधून उठल्यावर सगळे कोट आत घेतले तेही त्यानंच. साहेबांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे ही गोष्ट सगळ्या नगरात फक्त अजीजला ठाऊक होती. तो डाव्या खांद्यात कापसाचा एक थर जास्त भरायचा आणि साहेब न्यायाधीशापुढे ताठ सरळ उभे राहायचे. लपवणं हाच त्याचा धंदा होता. कुणाचं पोट, कुणाचं कुबड, कुणाची खपाटीला गेलेली छाती. लोक त्याच्याकडे जसे आहेत तसे यायचे आणि जसे दिसायला हवेत तसे जायचे, आणि त्याबद्दल त्यानं कधी कुठं तोंड उघडलं नव्हतं. ह्या धंद्याचा त्याला अभिमानही होता.

"आता बघ," वकील म्हणाले. "जामखेडच्या कोर्टात माझ्या तारखा असतात. मोटार जाते ती अगदी निजामाच्या हद्दीच्या कडेकडेनं. पलीकडं काय धुमाकूळ चाललाय तुला ठाऊकच आहे. गेल्या आठवड्यात आमच्या एका पक्षकाराच्या भावाचं घर जाळलं त्या लोकांनी. हातात काहीतरी असावं, पण दिसू नये. दिसलं की वकिलाची किंमत जाते. म्हणून म्हटलं, कोट तू शिवायचा, तर पिस्तूलही तुझ्याच सल्ल्यानं घ्यावं."

'त्या लोकांनी' म्हणताना त्यांनी हात दुकानाच्या दाराकडे, रस्त्याकडे केला होता. मग एकदम आठवल्यासारखं, "तुझं तसं नाही रे," म्हणाले, आणि पुढे बोलू लागले.

"हे पंचवीस बोअर. तळहातात मावतं, बायकांच्या बटव्यात जाईल. पण बंदूकवाला म्हणतो, याची गोळी खाऊन माणूस आणखी चार पावलं चालत येतो आणि तुमचा गळा धरतो. मग उपयोग काय? हे बत्तीस. चपटं आहे, छान आहे, पण ऑटोमॅटिक. धुळीनं अडकतं, आणि जामखेडच्या रस्त्याला धुळीशिवाय आहे काय? अडकलं की सोडवायला दोन हात लागतात. तोवर खेळ खलास. आणि हे अडतीस. सहा गोळ्यांची फिरकी. एखादी गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढायचा, पुढची गोळी हजर. भरवशाचं. पण जाड आहे, जड आहे. कोटाखाली कुठलं दिसणार नाही ते तू सांगायचंस. जरा तिकडं उभा राहा बघू, भिंतीशी."

अजीज भिंतीशी जाऊन उभा राहिला. का उभा राहिला हे त्याला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. गिऱ्हाइकानं सांगितलं, तो गेला. साहेबांनी डोळा बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "छाती किती तुझी?"

"छत्तीस."

"बरोबर. असंच धरायचं माप. अशा अंगाचा माणूस, पाच पावलांवर. पंचवीसनं तो पडणार नाही. बत्तीसनं पडेल किंवा नाही पडणार."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. कापडाचा पोत बोटांत चोळून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचा तो आवाज होता, आणि त्या आवाजापुढे अजीज आपल्या बनियनमधली छत्तीस इंचांची छाती घेऊन, पाठीला तापलेला पत्रा लागत असताना, उभा होता. त्याला आपल्या छातीची लाज वाटली. जणू ती कुणीतरी तिथं टांगून ठेवलेली होती आणि तिच्यावर माशा बसत होत्या.

आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं.

लढाईच्या वर्षांत तो लष्कराच्या कॅम्पात कंत्राटी दर्जी होता. आघाडीवरून गाठोडी यायची. धुऊन, उकळून, तरीही वास येणारे लष्करी कोट. अजीजला रफूच्या कामावर बसवलं होतं, कारण त्याचा हात बारीक होता. कोट पसरायचा, भोक शोधायचं, उलटीकडून त्याच कापडाचे धागे ओढून ते असं भरायचं की पुढच्या शिपायाला पत्ता लागू नये. पुढचं भोक लहान असायचं, काजाएवढं. मागचं कधी नसायचंच, कधी मुठीएवढं असायचं. भांडारातला म्हातारा सुभेदार भोकावर बोट ठेवून सांगायचा, ही गोळी रायफलची, ही पिस्तुलाची, ही बत्तीसची, ही मोठी. अजीज ऐकायचा आणि विणायचा. माणसाचा विचार करायचा नाही, धाग्याचा करायचा, असं त्यानं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं, आणि ते जमलंही होतं. दोन वर्षं जमलं होतं. घरी येऊन तो नीट जेवायचा.

"अडतीसच घ्या साहेब," तो भिंतीपासून म्हणाला. "बत्तीसचं भोक रफू होतं. अडतीसचं मागून होत नाही. तुकडा जोडावा लागतो."

वकीलसाहेब इतके खूष झाले की त्यांनी टेबलावर थाप मारली. "वा! बंदूकवाल्याला हे सुचलं नसतं." पंचवीस आणि बत्तीस त्यांनी फडक्यात गुंडाळली. अजीज भिंतीपासून परत आला, टेप उचलली आणि पुढची दहा मिनिटं, जसं काही झालंच नाही, कामाचं बोलला. जाडी लपत नाही, लांबी लपते. पुढे पोटावर ठेवलं तर फिरकीचा फुगवटा दिसेल; मागे कुशीत, हाडाच्या वर जो खळगा आहे तिथं घ्या. अस्तर रेशमाचं नको, कापसाचंही नको, सूत नळीत जाईल. मऊ चामड्याचं लावू. खिसा लटकता ठेवला तर कोट एका बाजूला ओढेल, म्हणून बकरमचं ताठ कापड थेट खांद्यापर्यंत नेऊ म्हणजे वजन खांदा उचलेल. "आणि ट्रायलला भरलेलं आणा साहेब. रिकाम्या वजनावर खिसा बसवला तर नंतर लोंबेल." हेही तोच म्हणाला. त्याच्याच तोंडानं.

साहेब गेल्यावर निळ्या कापडावर तेलाचा एक डाग राहिला होता, बोटाच्या पेराएवढा. अजीजनं त्याच्यावर खडू घासला, इस्त्री फिरवली, तुकडा कापून टाकायचं ठरवलं, आणि मग तो कापडाचा कोपरा नाकाशी नेऊन हुंगताना स्वतःलाच सापडला.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुकानाच्या मागे पडदा होता आणि पडद्यामागे दोन खोल्यांचं घर. त्याच्या बायकोनं, मेहताबनं, बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं होतं. भरताला तेलाचा तवंग होता. तो नुसता बघत राहिला. "काय झालं?" तिनं विचारलं. ती जामखेडची, लग्नाला अठरा वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यातलं गाव गेलं नव्हतं. "उन्ह लागलं असंल. ताक देऊ?" तो हो म्हणाला, ताक प्याला, आणि दुपारभर कोटाच्या कामाला बसला. सगळ्यात वाईट हे होतं की काम सुंदर होत होतं. चामडं सुईला लोण्यासारखं जात होतं. खिशाचं तोंड त्यानं तिरकं कापलं, हात मागे गेला की अंगठा आपोआप आत सरकेल असं. पिस्तुलाच्या घोड्याचं टोक अस्तरात अडकू नये म्हणून आतून एक गोल पट्टी दिली, ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती, ती त्याच्या हातांना सुचली. आयुष्यात इतका चोख खिसा त्यानं शिवला नव्हता. तो खिशात हात घालून बाहेर काढत होता, घालत होता, काढत होता, आणि त्याच्या ओठांवर हसू आलं होतं हे त्याला समोरच्या आरशात दिसलं. मग त्यानं आरशाकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजानंतर गनीभाई आला. मेहताबचा धाकटा भाऊ, जामखेडला शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करणारा, हसऱ्या तोंडाचा, अघळपघळ. आज हसत नव्हता. पडद्याआड येऊन बसला, बहिणीला पाणी आणायला पाठवलं आणि पायजम्याच्या नेफ्यातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. अजीजला रुमाल सुटण्याआधीच वास आला.

"लढाईवरनं आलेल्या एका गड्याकडनं मिळालं," गनीभाई दबक्या आवाजात म्हणाला. "अडतीस हाय, दुल्हाभाई. बत्तीस बी दावत हुता, पर म्या न्हाई म्हनलो. बत्तीसची गोळी खाऊन मानूस दोन कोस चालतो म्हनं. एखादा दांडगा गडी आला अंगावर, तुमच्या त्या वकिलावानी, तर पडाया नको व्हय? माज्या दारावर शेन मारलं कुनीतरी. काल रस्त्यात पोरं वरडली, जा तुज्या निजामाकडं. म्या काय केलंय कुनाचं? माजी सदरी घ्या, आतून खिसा करा. दिसायला नको."

अजीजनं सदरी मांडीवर घेतली. तेच शब्द होते. तेच बत्तीस, तेच अडतीस, तोच पाच पावलांवरचा माणूस. फक्त ह्या वेळी त्या माणसाची छाती बेचाळीस होती. ती वकीलसाहेबांची छाती अजीजनं दर हिवाळ्यात मोजली होती. दोघेही घाबरलेले होते आणि दोघेही खरं बोलत होते. घर जळलं होतं, शेण मारलं होतं. आणि दोघांच्याही भीतीला शेवटी एकच गोष्ट हवी होती, अजीजच्या हातचा खिसा.

"बघा तरी हातात घिऊन," गनीभाई म्हणाला.

अजीजनं ते घेतलं. वजन तळव्यात बसलं. आणि त्याच्या खांद्यातून काहीतरी उतरून गेलं, काल भिंतीशी उभं राहिल्यापासून जे तिथं बसून होतं ते. त्याला बरं वाटलं. किती बरं वाटलं! आपण उंच झालो असं वाटलं, आणि डोळ्यांपुढे वकीलसाहेबांची पाठ आली, डाव्या खांद्याखालची, जिथं तो कापसाचा जास्तीचा थर भरायचा. तिथं त्यानं मनातल्या मनात खडूनं फुली मारली.

"तुमाला बी एक आनू का? त्या गड्याकडं आनखी हाय."

"आण," अजीज म्हणाला. मेहताबची पावलं वाजली तसं त्यानं ते रुमालाखाली सारलं, आणि तिनं पुढे केलेला पाण्याचा पेला त्याच हातानं घेतला.

सोमवारी सकाळी वकीलसाहेब ट्रायलला आले. सांगितल्याप्रमाणे भरलेलं घेऊन. कोट अंगावर चढवला, पिस्तूल खिशात उतरलं आणि नाहीसं झालं. साहेब आरशासमोर वळले, वाकले, हात वर केले. कुठं सुरकुती नाही, फुगवटा नाही. "अजीज, तू जादूगार आहेस," ते म्हणाले. अजीज गुडघ्यांवर बसून कोटाची खालची कड टाचत होता. तोंडात टाचण्या होत्या, आठ-दहा, ओठांनी धरलेल्या. वर पाहिलं की साहेबांची पाठ दिसत होती, म्हणून तो वर पाहत नव्हता. साहेब आता सराव करू लागले. हात मागे, अंगठा आत, पिस्तूल बाहेर, आरशाकडे रोखलेलं. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. पन्नाशी उलटलेल्या, सभ्य, चष्म्यातल्या माणसाचा चेहरा आरशात हळूहळू ओला आणि लालसर होत होता, ओठ किंचित सुटले होते. तो चेहरा अजीजला ओळखीचा वाटला, आणि ओळखीचा वाटला म्हणूनच किळसवाणा. माणूस एकटा असताना जे करतो ते त्यानं इथं, दुसऱ्याच्या देखत, करावं, आणि दुसऱ्यानं खाली बसून कड टाचावी.

मागच्या घरातून मेहताब इस्त्री घेऊन आली. चुलीतले निखारे भरून ती रोजच ह्या वेळी इस्त्री आणायची. गिऱ्हाईक असलं तर पडद्याआडूनच आत सरकवायची. आज इस्त्रीचं झाकण दाराच्या चौकटीला खणकन आपटलं, पडदा बाजूला झाला, आणि साहेब गर्रकन वळले.

नळी तिच्या छातीसमोर होती. दोन हातांवर. अजीजला ओरडायचं होतं आणि तोंडात टाचण्या होत्या. त्यानं ओठ दाबून धरले. एक टाचणी जिभेत रुतली आणि रक्ताची खारट चव आली. साहेबांचं बोट चापावर होतं. ते बोट पांढरं पडलेलं त्याला दिसलं, नखापाशी. मेहताब हलली नाही. तिच्या हातात निखाऱ्यांची इस्त्री होती आणि ती खाली टाकली असती तर पायावर पडली असती, म्हणून ती तशीच धरून उभी राहिली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बोट सैल झालं.

"रिकामं आहे," साहेब म्हणाले. "रिकामं आहे, रिकामं आहे." सिद्ध करून दाखवावं म्हणून त्यांनी फिरकी उघडली, आणि सहा गोळ्यांची पितळी बुडं सकाळच्या उन्हात चकाकली. भरलेलं आणलं होतं हे ते विसरले होते. ते स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुन्हा घातला. "पडदा असा एकदम... मला वाटलं... या बाई कोण?"

अजीजनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि सुयांच्या उशीत टोचल्या. सगळ्या टोचून झाल्यावर म्हणाला, "माझी बायको. तुमच्या सगळ्या कोटांची काजं तिनंच केलीत. कोट काढा साहेब."

साहेबांनी कोट काढून दिला. अजीजनं तो टेबलावर उलटा पसरला, ब्लेड घेतलं आणि खिसा उसवायला बसला. बकरम खांद्यापासून मोकळं केलं, गोल पट्टी काढली, चामडं ओढून बाहेर घेतलं. सुंदर टाके होते. सोडवायला वेळ लागला. साहेब बघत होते, मधे एकदा "अरे पण, जामखेडला मला..." एवढं म्हणाले. शेवटी अजीजनं कोट घडी करून त्यांच्यापुढे ठेवला. "दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." साहेबांनी पिस्तूल कोटात गुंडाळलं आणि बाळ धरावं तसं दोन्ही हातांनी पोटाशी धरून, नुसत्या सदऱ्यावर ते रस्त्यानं निघून गेले.

दुपारी गनीभाई आला. सदरी न्यायला, आणि रुमालात दोन घेऊन. मेहताब जोत्यावर बसली होती. स्वयंपाक केला होता आणि झाकून ठेवला होता. भावाच्या कमरेकडे तिनं एकदाच पाहिलं.

"काय हाय ते काढ."

"आपा, तुला काय करायचंय बायामानसाला..."

"काढ म्हनते न्हवं."

त्यानं रुमाल सोडला. ती दोन्हींकडे बघत राहिली, हात न लावता. "एक तुजं. दुसरं कुनाचं?"

गनीभाईनं अजीजकडे पाहिलं. अजीजनं मान खाली घातली. मेहताबला कळायला तेवढं पुरलं. ती भावाला म्हणाली, "आज सकाळी असलंच एक माज्या छातीला लावलं हुतं. लावनारा माज्याकडं बगतच नव्हता, गनी. त्यो त्याच्याकडंच बगत हुता, हातातल्याकडं. तुजं बी तसंच हुईल. उचल दोनी. आन् ही घिऊन माज्या दारात येऊ नगंस. तुला यायचं आसंल तर नुसता ये."

"आन् माज्या अंगावर कोन आलं तर?"

"तर मी मरंस्तोवर रडन," ती म्हणाली. "पर हितं ठिवून घेनार न्हाई."

त्यानं दोन्ही पुन्हा रुमालात बांधली. मग खिसा नसलेली सदरी घालून, रुमाल पोटाशी खोचून गेला. मोटारस्टँडकडे जाताना तो वळून बघेल असं अजीजला वाटलं, पण तो वळला नाही.

अजीज तिच्याजवळ जोत्यावर बसला. तिनं त्याचा हात हातात घेतला. तिची बोटं काजाच्या सुईनं खरबरीत झालेली, ओळखीची होती, आणि त्या बोटांमुळेच त्याला वाटलं की आता सांगून टाकावं, म्हणजे हे आतलं साचलेलं सगळं निघून जाईल. त्यानं सांगितलं. अडतीस त्यानंच निवडून दिलं होतं. भरलेलं आणा असं त्यानंच सांगितलं होतं. गनीला आण म्हणाला होता, आणि ते पिस्तूल हातात असताना त्याला बरं वाटलं होतं. आणि साहेबांच्या पाठीवर गोळी नेमकी कुठं मारायची, हेही त्यानं मनात खुणेसकट ठरवलं होतं.

ती ऐकत होती. शेवटच्या वाक्याशी तिची बोटं थांबली. तिनं हात सोडला. तिनं तो झटकला नाही. भांड्याला बुरशी लागलेली दिसल्यावर आपण ते जसं खाली ठेवतो तसा तिनं तो त्याच्याच मांडीवर ठेवला. उठून ती मोरीवर गेली. राख घेऊन तिनं हात चोळले, मनगटापर्यंत, बराच वेळ, आणि पाणी ओतलं. तो बसल्या जागेवरून बघत होता. अठरा वर्षांत तिनं त्याला शिवून हात धुतले नव्हते. त्याला वाटलं, आता ती आत जाईल आणि दार ओढून घेईल, आणि तसं झालं तर ते बरोबरच होईल.

ती आत गेली नाही. तांब्या पुन्हा भरून, वाकून, तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"या हिकडं," ती म्हणाली. "तुमी बी धुवा. मी वतते."